तुझं काही चुकलं नव्हतं

आई, तुझ्या आजारात ज्या प्रथिनाने औषधांना दाद दिली नाही, त्याच प्रथिनावर मी आज परळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

तुझ्या मानेतली कॅन्सरची गाठ पहिल्या औषधाने विरघळली होती. हातातून चढणारं ते लाल औषध बघून तू म्हणायचीस, "कोकम सरबतच जणू." केस गेले, पण तू लालबागच्या आपल्या खोलीत पुन्हा उभी राहिलीस आणि डोक्याला रुमाल बांधून बांगडे तळलेस. शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "अगं, एवढ्यात मासे? पथ्य पाळ जरा." तू नुसती हसलीस. काही महिन्यांनी गाठ परत आली. या खेपेला लाल औषध चाललं नाही आणि त्याच्या जागी दिलेलं नवं औषधही चाललं नाही. तू डॉक्टरांना विचारलंस, "हे तर मी कधी घेतलंच नव्हतं, मग याचा गुण का येत नाही?" त्यांनी शांतपणे सांगितलं, "पेशी औषध बाहेर टाकतात, बाई. एकदा जमलं की कुठलंही टाकतात." तू मान हलवलीस. घरी येऊन मात्र मोरीपाशी बसलीस आणि म्हणालीस, "माझाच कायतरी चुकला गो. ते बांगडे खाऊक नको होते." पुढे तू असेपर्यंत आपल्याकडे मासे शिजले नाहीत.

ते प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेला पंप. त्याचे दोन भाग आतल्या बाजूला उघडे असतात आणि मधे भलीमोठी पोकळी. बहुतेक प्रथिनं ठरावीक रेणूलाच थारा देतात. या पोकळीत मात्र एकमेकांशी काही नातं नसलेली औषधंही मावतात. औषध शिरलं की पंप आतून मिटतो, बाहेर उघडतो आणि औषध पेशीबाहेर जातं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. आम्ही हे प्रथिन झटकन गोठवतो, त्याची लाखो चित्रं घेतो आणि ती जुळवून त्याचा आकार पाहतो. गेल्या वर्षी एके दुपारी पडद्यावर दिसलं की पंप अडवण्यासाठी बनवलेल्या आमच्या रोधकाचे दोन रेणू त्या पोकळीत घट्ट बसलेत आणि पंपाला मिटताच येत नाहीये. माझी विद्यार्थिनी ओरडली, "मॅडम, अडकला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.  यातून औषध होईलच असं नाही. हाच पंप मेंदूला, आतड्यांना विषापासून जपतो. तो शरीरभर अडवला तर माणसालाच त्रास होतो. म्हणून तुला वाचवता आलं असतं, असं मी म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात कॅन्सर हॉस्पिटलजवळच्या बसस्टॉपवर एक बाई भेटल्या. मांडीवर फाईल आणि डबा. माझं ओळखपत्र बघून म्हणाल्या, "मॅडम, आमच्या मिस्टरांना आता औषध लागू पडत नाय. सासूबाई बोलतात, मी अंडं खायला घातलं म्हणून."

"अंड्याने असं होत नाही, ताई. त्या पेशीच औषध बाहेर फेकतात."

"म्हणजे माझ्यामुळे नाय?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी पदराने डोळे पुसले, मग डबा उघडला आणि सावकाश जेवू लागल्या. माझी बस आली, ती मी जाऊ दिली. त्यांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. तुझा आवाज मला आता आठवत नाही, आई. तुझी वाक्यं सगळी आठवतात, पण ती माझ्याच आवाजात ऐकू येतात.