माडीच्या छतातला मधला खांब परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
इमारत देखभाल विभाग.

विषय: छतातून कापून नेलेला मधला लाकडी खांब आजच्या आज परत मिळणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांस आलेले आपले एकमेव उत्तर.

महोदय,

मी आपल्या विभागाच्या इमारतीत माडीवरच्या खोलीत पती व सासूबाईंसह राहते व शिवणकाम करते. सविनय कळविते की,

१. आमचे कौलारू छत लाकडी कैचीवर आहे. दोन तिरके वासे वर एकमेकांना भिडलेले, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवी तुळई आणि मधोमध शिखरापासून तुळईपर्यंत एक उभा खांब. गेल्या महिन्यात आपले पर्यवेक्षक पाहणीस आले. "हा जमिनीला टेकतच नाही, मग पेलतो काय?" असे म्हणून त्यांनी पाण्याच्या टाकीला जागा करण्यासाठी तो कापून नेला. टाकी अद्याप आलेली नाही.

२. तो खांब तुळईला वरून उचलून धरत होता, हे तुळई वाकू लागली तेव्हा आम्हाला उमगले. आता कौले सरकतात. गिऱ्हाइके उंबऱ्याबाहेर उभी राहूनच माप देतात.

३. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले असून त्यांना जराही हलवू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. खाट नेमकी तुळईखाली आहे. खोलीत ती दुसरीकडे मावत नाही. शेजारच्या ट्रकचालक भावजींनी ओंडक्यांवर आपला जॅक चढवून तुळई तोलून धरली आणि त्यापायी स्वतःच्या खेपा बुडवल्या.

४. ओळखीचे सुतार नवा खांब बसवण्यास तयार आहेत. त्यावर आपले उत्तर असे की, कार्यालयीन नोंदीनुसार सदर छतास मधला खांब नाही, सबब तो बसवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भाडेकरूने छतास हात लावल्यास खोली काढून घेतली जाईल.

५. जो खांब नोंदीत नाही, तो आपल्या आवारात सायकल स्टँडच्या पत्र्याला टेकू म्हणून उभा आहे. आम्ही दिव्यासाठी ठोकलेली कडीसुद्धा त्यावर तशीच आहे. मी मागितला तेव्हा पहारेकरी म्हणाले, "बाई, हा काढला तर पत्रा साहेबांच्या गाडीवर येईल."

६. आज सकाळी भावजी दारात येऊन खाली मान घालून उभे राहिले. "वहिनी, मालकाने निर्वाणीचं सांगितलंय. ट्रक न्यायलाच हवा, आणि जॅकशिवाय नेता येत नाही." त्यांनी जॅक जरासा सैल करताच तुळई वीतभर खाली आली व दोन कौले खाटेच्या पायथ्याशी फुटली. त्यांनी घाईने तो पुन्हा आवळला. सासूबाई म्हणाल्या, "मला हलवू नका म्हणतात. छताला कोणी सांगितलंय का?" मग दार बिजागरीतून काढून त्यांना त्यावर निजवले आणि अरुंद जिन्याने खाली आणले. त्यांनी ओठ घट्ट चावून धरला. रडले ते माझे यजमान.

तरी खांब परत द्यावा, किंवा आम्हाला आमच्या खर्चाने नवा बसवू द्यावा. दोन्ही जमत नसेल, तर आपण स्वतः येऊन त्या तुळईखाली घटकाभर बसून पाहावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या दाराशी आलेली,
(सही)
माडीवरची शिवणकामवाली
दि. १९ नोव्हेंबर

सोबत:
१. डॉक्टरांचा दाखला.
२. तुळईचे छायाचित्र.
३. सासूबाई, आपल्या दालनाबाहेरच्या व्हरांड्यात. त्यांना पुन्हा हलवता येणार नाही.