वेरूळला न काढलेला शर्ट

विश्वजीत,

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी सव्वाअकरा. वेरूळच्या देवळात गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो. श्रेयाच्या प्रत्येक वाढदिवसाला तो काढून लेकीला आत नेणारा तू यंदा "सर्दी झालीय" म्हणून बाहेर थांबलास. तनुजानं विश्वास ठेवला आणि पोरीला घेऊन आत गेली. मी थांबले, कारण तुझ्या कॉलरमधून वायर डोकावत होती.

"हृदयाचे ठोके मोजायचं मशीन आहे, आई. एका दिवसापुरतं. तनुजाला सांगू नको, उगं घाबरंल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते लई बोलतात."

मग श्रेया बाहेर आली. तू तिला खांद्यावर घेतलंस. ती तुझे कान स्टिअरिंगसारखे पिरगाळत होती आणि तू तोंडानं हॉर्न वाजवत पार्किंगपर्यंत गेलास. तिथं गाडीला टेकलास तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते.

"सर्दीनं किती उतरलाय चेहरा," तनुजा म्हणाली. मी मान डोलावली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दहा वर्षं घासून मला खरं बोलायला शिकवलं, ते तू एका सर्दीत धुऊन टाकलंस.

मशीनमध्ये काय निघालं, ते गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लिहून कळव. फोन नको, फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. हे पत्र तुझ्या ऑफिसात धाडलंय; उत्तर आलं नाही, तर याचीच प्रत तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकीन. तुमच्याकडे टपाल तनुजा उघडते.

नोकरीतून निवृत्त झालेली, पण डोळे शाबूत असलेली
तुझी आई