योग्य सॅक, मुक्काम अहवाझ

कझवीन,
ऑर्दीबेहेश्तचा शेवटचा आठवडा

आमच्या घराण्याचे आधारस्तंभ, माझे थोरले दीर, आदरणीय फरामर्ज खान यांच्या सेवेशी,

आपल्या धाकट्या भावाच्या, ईरजच्या बायकोचा, मलीहेचा, सलाम. आपली सावली आम्हा सगळ्यांवर कायम राहो (अहवाझच्या उन्हात सावलीची किंमत आपल्याला जास्त कळते, म्हणून थोडी जास्तीचीच मागते). रक्तातली साखर कशी आहे? शमसी जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? आपल्या नव्या कूलरचं पाणी अजून शेजाऱ्यांच्या अंगणात ठिबकतं, की त्यांनी आता तिथे पुदिना लावला? इकडे मी बरी आहे. दुकान बंदच आहे. ईरजची पुस्तकं शिवायची सुई टेबलावर जिथे होती तिथेच आहे. मी तिच्याभोवतीची धूळ तेवढी पुसते.

एवढा फोन असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. फोनवर आपण बोलता आणि मी ऐकते. पत्रात ते उलट होतं, एवढीच त्याची सोय. शिवाय मी शाळेत फारशी गेलेली नाही हे आपल्याला ठाऊक आहे (आपण ते चारचौघांत अनेकदा सांगितलेलं आहे). जे काही वाचायला शिकले ते ईरजच्या दुकानात बांधणीला आलेल्या पुस्तकांतून, तेही न शिवलेल्या पानांचे सुटे फर्मे हाताला लागतील तसे. त्यामुळे माझं बोलणं मधूनच कुठून तरी सुरू होतं आणि मुद्दा शेवटच्या फर्म्यात येतो. सांभाळून घ्यावं.

गेल्या महिन्यात मी आपल्या कानावर घातलं होतं की ईरजला जाऊन वर्ष होईल तेव्हा मी घरात हलवा ढवळत बसणार नाही. त्याच्या शुक्रवारी डोंगर चढणाऱ्या मंडळींबरोबर आलमूतहून निघून सलंबारची खिंड पायी ओलांडणार, खिंडीतल्या वाटसरूंच्या जुन्या सराईत बसून एक चहा पिणार आणि पलीकडे समुद्राच्या अंगाला उतरणार. तीन दिवसांची चाल आहे. ईरज दर उन्हाळ्यात जायचा, आणि उरलेलं वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचा चहा पिता पिता सांगायचा, "मलीहे, सराईतल्या चहाची सर कशालाच नाही." संसारभर मी हे ऐकून घेतलं. आता मला एकदा तिथे जाऊन बघायचं आहे की असा काय मोठा चहा असतो. भांडायला तो नाही, तर निदान चहा तरी समोर असावा.

त्यावर आपण म्हणालात, "मलीहे, या वयात बाईमाणसानं डोंगर चढायचे नसतात, खालून बघायचे असतात." मी गप्प राहिले, त्यामुळे आपल्याला वाटलं मी मान्य केलं, आणि आपण उदार होऊन पुढे म्हणालात, "जायचंच असेल तर सॅक योग्य निवड. सॅक चुकली की पाठ गेली. अनुभवाचं सांगतो." कुठला अनुभव, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. अहवाझमध्ये चढण्याजोगं उंच असं आपल्या गच्चीशिवाय काही नाही, आणि तिथला कूलर बघायलाही आपण माणूस पाठवता. पण थोरांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, म्हणून मी योग्य सॅक शोधायला निघाले. त्याचा हा वृत्तान्त.

(ईरजची जुनी कॅनव्हासची सॅक आपल्याकडे आहे आणि सुखरूप आहे, हे मी विसरलेले नाही. हे पत्र तिच्याबद्दल नाही. आधीच सांगितलेलं बरं.)

तर पहिल्यांदा जावई कामबीज यांनी माझी पाठ मोजली. सॅक म्हणे उंचीवर घ्यायची नसते, मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्या मापाची घ्यायची असते. कामबीज गालिच्यांचा व्यापार करतो, त्यामुळे मोजता मोजता त्याची नजर सवयीनं काठांकडेही गेली. वीण सैल पडली आहे असं तो म्हणाला नाही, ही त्याच्या आईवडिलांची शिकवण. मग माप कागदावर लिहून आम्ही तेहरानला मोनीरिये चौकात गेलो, जिथे ओळीनं सगळी खेळाच्या आणि डोंगराच्या सामानाची दुकानं आहेत. दुकानदार तरुण होता, दाढी कोरलेली, आणि चेहऱ्यावर असा थकवा की आत्ताच कुठलंसं शिखर उतरून गल्ल्यावर बसला आहे.

"खानुम, आपल्याला पन्नास लिटर लागेल," तो म्हणाला.

"मला चालायला जायचंय बाळा, दूध घालायला नाही."

त्यानं समजूत काढल्यासारखं हसून एका सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, ती माझ्या पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा आवळला, छातीचा पट्टा आवळला, खांद्यावरचे बंद खेचले आणि मला दुकानात फिरवून आणलं. "बघा, सगळं वजन कमरेवर गेलं. आणि पाठीला कशी खेळती हवा लागते!"

"माझ्या पाठीला हवा लागली की उसण भरते," मी म्हटलं. "ते राहू दे. कलिंगड मावतं का?"

तो माझ्याकडे न बघता कामबीजकडे बघायला लागला, डॉक्टर जसे पेशंटच्या मुलाकडे बघतात तसा. आता आपल्याला माहीतच आहे, ईरज दर वर्षी खिंडीपर्यंत एक अख्खं कलिंगड पाठीवर न्यायचा, सराईजवळच्या झऱ्यात थंड करायचा आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांना कापून द्यायचा. मीही नेणार. पण हल्लीच्या सॅका उभट असतात, वांग्यासारख्या. त्यांच्यात तंबू मावतो, दोर मावतो, माणसाचा सगळा अहंकार घडी करून मावतो, कलिंगड तेवढं मावत नाही.

शेवटी कामबीजनं एक भगवी सॅक पसंत केली आणि किंमत विचारली. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "आपल्यापुढे किंमत कसली? आपलीच आहे, घेऊन जा." कामबीज म्हणाला, "छे छे, असं कसं." दुकानदार म्हणाला, "खरंच, आईसाठी माझ्याकडून." कामबीज म्हणाला, "आपले उपकार आहेत, पण सांगाच." असं तीनदा झाल्यावर दुकानदारानं आकडा सांगितला आणि तो ऐकून माझी उसण तिथेच भरली. पण मला कौतुक वाटलं. कामबीज तीनदा नको म्हणाला. पहिल्याच शब्दाला "बरं" म्हणून सॅक उचलून चालू लागला असता तर दुकानदारानं आरडाओरडा करून चौक गोळा केला असता. रीत ती रीत. लहान पोरांनाही कळते. असो.

या भगव्या सॅकला इतके बंद आहेत की पहिल्या दिवशी मी एक हात आत घातला आणि तो बाहेर काढायला लेकीला, गोलनारला बोलवावं लागलं. छातीच्या बक्कलला शिट्टी आहे, हरवलात तर वाजवायची (मी घरातच वाजवून बघितली, वरच्या मजल्यावरचे आजोबा तावातावानं खाली आले). एक बंद असा आहे की तो कशासाठी आहे हे कामबीजलाही सांगता येईना. नुसता लोंबतो, दर वेळी मध्ये येतो, उपयोग शून्य, पण मूळचाच आहे म्हणून कापताही येत नाही. प्रत्येक घरात असतो तसा.

मग मंडळींनी एक सरावाची चाल ठरवली, ओवान तळ्याच्या वरच्या डोंगरात, एका मुक्कामाची. आमचे म्होरके इंजिनिअर दादफर. (फ्रीज दुरुस्त करतात. पण आपल्याकडे खिशाला पेन लावणाऱ्या कोणालाही इंजिनिअर म्हणतात, तसे तेही.) निघण्याआधी त्यांनी आम्हाला उभं करून ओझ्यावर व्याख्यान दिलं. स्वतः त्यांनी दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली आहे, तेवढंच वजन कमी. "माणूस पाठीवर सामान नेत नाही, आपली भीती नेतो," असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून.

पहिल्याच चढाला त्यांनी माझी सॅक धरली. "मलीहे खानुम, मी जिवंत असताना ईरजच्या बायकोनं ओझं उचलायचं? त्यापेक्षा माझ्या तोंडाला काळं फासा." मी नको म्हटलं, परत नको म्हटलं, पण त्यांनी ती काढूनच घेतली. आता त्यांच्या पाठीवर एक आणि पोटावर एक अशा दोन सॅका आणि मी हात हलवत चालायचं, हे काही बरं दिसेना. मी म्हटलं, "मग आपली मला द्या, नाही तर मी इथून हलत नाही." त्यांनीही बरेच आढेवेढे घेतले आणि दिली. हे बघून बाकीच्यांना आपापली लाज वाटली. क्षणात सगळा डोंगर "आपण थकाल", "माझी शपथ", "द्या हो इकडे" यांनी भरून गेला, आणि पाच मिनिटांत एकाही माणसाच्या पाठीवर स्वतःची सॅक राहिली नाही. मानेपासून कमरेपर्यंत टेपनं मोजून घेतलेली प्रत्येक सॅक दुसऱ्याच कोणाच्या तरी मणक्यावर. इंजिनिअरांच्या सॅकचा कमरपट्टा माझ्या मांडीवर येत होता, त्यामुळे मी बदकासारखी चालले.

पुढे वाट फुटली. दणकट मंडळी वरच्या धारेनं गेली, आम्ही गुडघेवाले खालच्या गावाकडे, भेट दुसऱ्या दिवशी दुपारी. सॅका परत बदलून घ्यायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी बोलून दाखवणं उद्धटपणाचं झालं असतं. संध्याकाळी भूक लागली म्हणून मी इंजिनिअरांची सॅक उघडली. त्यात पितळी समोवार निघाला. रेशमी खोळीची उशी निघाली. पिस्त्यांची थैली, उभा आरसा, आणि त्यांच्या आईनं तळलेल्या कटलेटांचा डबा. ब्रश मात्र खरोखरच अर्धा होता. आम्ही समोवार पेटवला आणि कटलेटं संपवली. तिकडे धारेवर थंडी वाढल्यावर इंजिनिअरांनी माझी सॅक उघडली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या अंगात माझा फुलाफुलांचा लोकरी गाऊन होता आणि येताना गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता. आम्ही गाऊनबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांनी कटलेटांबद्दल काढलं नाही.

उतरताना मी हट्टानं माझी भगवी सॅक माझ्याच पाठीवर घेतली. तिनं सगळं वजन कमरेवर नेलं, पाठीला हवा दिली, कुठेही काचली नाही. आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मला ती नको आहे.

फरामर्ज खान, ईरजची सॅक कोणत्याही मापात बसत नाही. तिचा डावा बंद एकदा तुटला होता, तो त्यानं मेणाच्या दोऱ्यानं, पुस्तकाची पाठ शिवतात तसा शिवला, आणि शिवताना दोन बोटं आखूड झाला. पुन्हा उसवायचा कंटाळा, म्हणून तो पुढची सगळी वर्षं डाव्या अंगाला कलून चालला. तो परत आला की दारातच मी ती त्याच्या पाठीवरून उतरवून घ्यायची. माझ्या हातांना तिचं वजन पाठ आहे. कलिंगड तिच्यात सरळ बसतं. आपण सांगितलंत तसा मी सगळा शोध केला, आणि चुकीची सॅक तीच आहे याबद्दल माझी पूर्ण खात्री झाली. मला तीच हवी होती.

ईरजच्या चाळिसाव्याच्या दिवशी ती दारामागे टांगलेली होती. आपण हात लावून म्हणालात, "काय दणकट सॅक आहे!" माझ्या हातात खजुराचं ताट, घरात माणसांची गर्दी, आणि तोंड आपलं आपण चाललेलं. मी म्हटलं, "आपलीच आहे, घेऊन जा." त्या दिवशी मी येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही देऊ केलं होतं. कोणाला गालिचा, कोणाला समोवार, कोपऱ्यावरच्या नानवाल्याला तर माझं घर. सगळे छातीवर हात ठेवून नको म्हणाले आणि गालिचा, समोवार, घर जागच्या जागी राहिलं.

आपण "बरं" म्हणालात.

ताट खाली ठेवून मी दारापर्यंत येईतो ती आपल्या गाडीच्या डिकीत होती.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. शमसी जाऊबाई फोनवर आनंदानं म्हणाल्या, "मलीहे जान, त्या सॅकमध्ये कांदे इतके छान राहतात म्हणून सांगू! एकालाही कोंब येत नाही." मला समाधान वाटलं. वस्तू वापरात असलेली बरी. आपण सॅकचा विचारही मनात आणू नये. प्रकृतीला जपावं, गोड कमी खावं आणि आम्हा दुबळ्यांवर लोभ ठेवावा.

आपल्या पायांची धूळ,
मलीहे

ता. क. अहवाझहून इकडे येणाऱ्या बसचा ड्रायव्हर सामान घेतो. त्याच्याकडे द्यावी आणि गाडी सुटली की मला फोन करावा, मी स्टँडवर उभी असेन. मंडळी पुढच्या महिन्यात, खोरदादच्या पहिल्या गुरुवारी निघणार आहेत, त्याआधी मिळायला हवी.

ता. क. रिकामी सॅक पाठवणं शमसी जाऊबाईंच्या जिवावर येईल. त्यांनी तिकडचं एक कलिंगड घालावं. मधल्या आकाराचं.

ता. क. पत्र वाचून आपण रीतीप्रमाणे म्हणाल, "अगं, ती तुझीच आहे, विचारायचं काय त्यात?" मी तीनदा नको म्हणणार नाही. पहिल्याच शब्दाला "बरं" म्हणेन. हे मी आपल्याकडूनच शिकले.

ता. क. कांदे काढून घ्या. सालपटं उरली तर उरू द्या, मी झटकेन. धुऊ मात्र नका.