झबल्यांचं कापड

पाथरी

प्रिय भक्ती,

फोनकडे सारखा हात जातोय, पण मला धड बोलता येईना, म्हणून लिहायला बसलो. काळजीचं काही नाही. उलट काल संध्याकाळपासून मी घरात नुसता येरझारा घालतोय आणि तुझी आई खाटेवर बसून माझ्याकडं बघत हसायलीय.

तुझ्या होणाऱ्या बाळाचे कपडे घरीच शिवायचे असं मी ठरवलं. तू म्हणशील, बाबांना सुईत दोरा ओवता येत नाही. खरंय. पण अर्धांगवायूनं आईचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हापासून तिची मशीन कोपऱ्यात झाकून पडलेली. ते मला बघवत नव्हतं. आता कापड किती आणायचं? शेजारच्या रेणुकाच्या तान्ह्या पोरीचं माप घ्यायला गेलो, तर तिनं टेपच तोंडात घातला. शेवटी तिचं एक झबलं मागून आणलं आणि त्यावरून वर्तमानपत्राचे तुकडे कापले. सहा झबली, सहा टोपडी, दोन दुपटी. आईच्या खाटेवरच्या चादरीवर ते जुळवत बसलो. कुठला तुकडा उलटा फिरवला की जागा वाचते, हे कळायला लागलं तसा मला लय हुरूप आला. तीन मीटरांत सगळं बसलं. भिंतीला टेकून बघणाऱ्या आईनं डाव्या हातानं काहीतरी खूण केली. मला वाटलं पाणी हवंय. दिलं, ती प्यायली, आणि परत तीच खूण.

काल तिला रिक्षात बसवून धम्मानंदच्या दुकानात नेलं. ती वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच कापड घ्यायची. तिला बघून तो गल्ल्यावरून उठला, खुर्ची मांडली. पांढरी, बारीक पिवळ्या फुलांची मलमल आईनं बोट ठेवून निवडली. मी ऐटीत तीन मीटर सांगितलं. धम्मानंद कात्री लावणार, तोच आईनं त्याचं मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते. इतके महिने आपण तिच्याकडून नुसता घोगरा आवाज ऐकलाय.

"पन्हा," ती म्हणाली. मग थांबत थांबत, "पन्हा लहान हाय. साडेपाच घे. धुतल्यावर आटतं."

मी हिशोब केला होता रुंद चादरीवर. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी किती, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खाटेवरून ती खूण करून हेच सांगत होती. धम्मानंदनं कात्री खाली ठेवली आणि पुन्हा मोजायला घेतलं. मला समोरचं दिसेना.

आज कापड भिजवून वाळवलं आणि दोघं मशीनवर बसलो. पायडल माझं, कापड सरकवणारा डावा हात तिचा. पहिली शिवण वाकडी गेली. तिनं ती उसवायलाच लावली.

मग मी तिला सांगून टाकलं, इतके दिवस लपवलेलं. आईला त्रास नको म्हणून तू बाळंतपण पुण्यातच करणार आहेस, माहेरी येणार नाहीस. उसवलेलं कापड तिनं पुन्हा सुईखाली सरकवलं. आणि ती म्हणाली, "येऊ दे तिला. मी हाय." तिचे हे शब्द जसेच्या तसे तुला कळवायचे होते, म्हणून हे पत्र. जावईबापूंशी बोल, आणि तुला न्यायला कधी येऊ ते सांग.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेले,
तुझेच बाबा