खारपाणाच्या पांदणीसाठी चार टायर

अमरावती,
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रागिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल मिळालं. इकडे सर्व ठीक. ह्यांचं कोर्टात जाणं आता आठवड्यातून दोनदाच असतं. उरलेले दिवस ते माझ्या कामात लक्ष घालतात. माझे गुडघे बरे आहेत. तुझ्या उत्तमरावांना नमस्कार सांग.

हे तुझं सत्ताविसावं कार्ड. दर वर्षी एकच वाक्य: ‘आवतण घ्या, पोळ्याला जेवायला या.’ पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्यांना हेच सांगतात, ते मला दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं. टोमणा समजला. उत्तर मीही एकच देत आले, की रस्ता नाही. फाट्यापासून तुमच्या शेतातल्या वस्तीपर्यंत अडीच किलोमीटर पांदण, नुसती मातीची वाट, तीही अकोल्याकडच्या खारपाणातली, खाऱ्या आणि चिकट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे चारचाकी जात नाही. हे खोटं नव्हतं. उन्हाळ्यात का आले नाही, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू मात्र आपल्या आईच्या दिवसांना आलीस, माझ्या शुभंकरच्या मुंजीला आलीस, लग्नाला आलीस.

या वर्षी मी येते. पोळ्याला, बैलांचं जेवण व्हायच्या आत.

ह्यांनी हौसेनं घेतलेली ती मोठी परदेशी गाडी तुला फोटोतून माहीत आहे. चारही चाकं ओढतात, आत चामड्याच्या खुर्च्या, आणि या जूनपर्यंत दोन वर्षांत ती बडनेऱ्याच्या पलीकडे गेली नव्हती. गतिरोधक आला की हे आधी श्वास रोखतात आणि मग ब्रेक दाबतात. जूनमध्ये मी सांगितलं, की मला हिला चिखलाचे टायर घालायचे आहेत. ह्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, गाडी चिखलासाठीच बनवली आहे, तुमच्या पोर्चसाठी नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

इथल्या दुकानातल्या मुलानं मला सगळ्यांत रुंद टायर दाखवले. काळेभोर, बोटभर उंचीच्या ठोकळ्यांचे, पाहूनच धाक वाटावा असे. त्यांनी गाडी भरदार दिसेल, असं तो म्हणाला. मी छत्तीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलं. जेवढा पृष्ठभाग जास्त तेवढा दाब कमी, म्हणून रुंद चाक रुतणार नाही, असा हिशेब मी उभ्या उभ्या मांडला आणि ते टायर घेतले. हिशेब बरोबर होता. माती कोणती, हे त्यात नव्हतं.

आता जे लिहिते ते उत्तमरावांनी तुला सांगितलेलं नसावं. सांगितलं असतं तर कार्डावर दुसरं वाक्य आलं असतं.

बारा जुलैला मी एकटीच गाडी घेऊन तुमच्या पांदणीत आले होते. पोळ्याआधी एकदा रस्ता पाहून ठेवावा, म्हणून. मोठ्या बाभळीपर्यंत नीट गेले. मग गाडी जड होऊ लागली. खाली उतरून पाहते तर टायरवर माती, मातीवर माती, आणि टायर रुंद असल्यामुळे वरच्या पत्र्यापर्यंत बोटभरही फट उरलेली नाही. तिथे माती अशी ठासून बसली होती की चाकच फिरेना. गाडी रुतली नव्हती. जखडली होती.

अर्ध्या तासानं एक माणूस बैलजोडी घेऊन आला. माझ्या तोंडाला स्कार्फ होता, डोळ्यांवर गॉगल. त्यानं काही विचारलं नाही. वखराच्या लोखंडी पासेनं चाकांतली माती खरवडली, साखळी बांधली आणि गाडी उलटी ओढून फाट्यावर नेऊन उभी केली. ते उत्तमराव आहेत हे मी ओळखलं, पण ओळख दिली नाही. सहासष्टाव्या वर्षी मी शाळेतल्या पोरीसारखी तोंड लपवून उभी राहिले. निघताना ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पोळ्याले या ताई. पण त्या दिवशी आमी बैलायच्या खांद्यावर जू ठेवत नाई. फसल्या तं फसल्या.”

तेव्हा माझी स्वतःशीच पैज कसली आहे, ते तुला कळावं म्हणून लिहिलं. ट्रॅक्टर त्या पांदणीत जूनपासूनच बंद असतो, हे मला ठाऊक आहे. पोळ्याला मला ओढायला कोणी येणार नाही. मी स्वतःच्या चाकांवर तुझ्या अंगणात आले तर आले. नाही आले, तर अठ्ठाविसावं कार्ड टाकू नकोस. माणसानं किती वेळा बोलवावं, यालाही मर्यादा असते, आणि ती मी तुला कधीच ओलांडायला लावली आहे.

परतवाड्याला नत्थुजी म्हणून एक टायरवाले आहेत, मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्यांचं काम करतात. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. खाली वाकून चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला, तिथे वाळून दगड झालेलं तुमच्या पांदणीचं ढेकूळ काढलं, त्यातला कण जिभेवर ठेवला आणि थुंकले. “खारपाणाची हाय,” म्हणाले. मग ते ढेकूळ पाण्यात भिजवून कणकेसारखं मळलं आणि दुकानातल्या एकेका टायरच्या खाचांत अंगठ्यानं दाबून, टायर आपटून पाहिला. कुठल्या खाचेतून माती गळून पडते, ते पाहत होते. छत्तीस वर्षांत मी प्रयोगशाळेत इतका शिस्तीचा प्रयोग पाहिलेला नाही.

माझे रुंद टायर कोणी दिले, ते त्यांनी विचारलं. मी दुकानाचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, मीच निवडले. तेव्हा म्हणाले, “गाडीले पाहून घेतले बाई तुमी. मातीले पाहून नाई घेतले. ते माती चाकाले धरनारच. तिले सुटाले जागा ठेवा लागते.”

वीस इंची चकचकीत रिंगा काढल्या, अठराच्या साध्या लोखंडी घातल्या. टायर आधीपेक्षा अरुंद, मोठ्या खाचांचे, बाजूंनी मऊ. बसवल्यावर चाक आणि पत्रा यांच्यामध्ये त्यांनी मला मूठ घालायला लावली. चारही चाकांत गेली, तेव्हाच नट आवळले. मग दुकानामागच्या ओल्या प्लॉटमध्ये मला दोन तास फिरवलं. ब्रेक लावला की ओरडायचे. मला कोणी ओरडून किती वर्षं झाली असतील, आठवत नाही.

त्या चकचकीत रिंगा ह्यांनी धुऊन, पुसून, चादरीत गुंडाळून पाहुण्यांच्या पलंगाखाली ठेवल्या आहेत.

पुरण कमी गोड कर. माझी साखर वाढली आहे.

तुझी,
अनुपमा

*

अमरावती,
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रागिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा सुखरूप पोचले. गाडी अजून धुतलेली नाही. ह्यांनी पाइप हातात घेतला होता, तो मी काढून घेतला. चार दिवस गल्लीला पाहू दे. शेजारच्या शेषराव वकिलांनी अपघात झाला का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, पोळ्याचं आवतण होतं. त्यांना काही समजलं नाही. समजावं असा आग्रहही नव्हता.

मी अंगणात पोचल्यावर पुढे काय झालं, ते तू पाहिलंस. त्याआधीचं तुला माहीत नाही. ते तिथे बोलायला हवं होतं. मी जेवताना, हात धुताना, रात्री अंथरुणावरही टायरवरच बोलत राहिले, आणि तू ऐकत राहिलीस. म्हणून हे पत्र.

दोन दिवसांच्या पावसानंतर सकाळी दहाला फाट्यावर आले. चहाच्या टपरीवरच्या बाईनं पांदणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा घेऊन परत जा म्हणाली. मी चहा घेतला. मग पदर खोचून, खाली बसून, नत्थुजींनी सांगितल्याप्रमाणे चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली. टपरीवरची माणसं उठून बघायला आली. गाडीची हवा मुद्दाम सोडणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

गुडघ्यांवर बसले होते, तेव्हा समोर तीच जागा दिसली. एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये तुझ्या वरातीची जीप तिथेच थांबली होती. पुढे उत्तमरावांची बैलगाडी उभी होती. आईनं मला पाठराखीण म्हणून पाठवलं होतं. नव्या नवरीला परकं वाटू नये म्हणून तिच्यासोबत सासरी चार दिवस राहायचं, एवढंच काम. तू गाडीत चढलीस, सतरंजीवर सरकून माझ्यासाठी जागा केलीस. आणि मी म्हटलं, या चिखलात मी येत नाही, उद्या रस्ता सुकला की येईन. जीप वळवून घेतली.

चिखलाचं काही नव्हतं, रागिणी. विद्यापीठात पहिली आलेली माझी बहीण बैलगाडीत बसून शेतात राहायला चालली, याची मला लाज वाटली होती. त्या गाडीत तुझ्याशेजारी मी कोणाला दिसायला नको होते. तू मागे वळून पाहिलंस की नाही, ते मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही. सव्वीस वर्षं मी त्याला रस्ता म्हणत आले.

उठले. गाडीत बसले. लो गिअर लावला आणि पांदणीत शिरले.

पहिला एक किलोमीटर सोपा गेला. मोठ्या बाभळीजवळ जुलैसारखीच गाडी जड झाली. आणि मग तो आवाज सुरू झाला. धप, धप, धप. टायरनं धरलेली माती खाचांतून सुटून खाली आपटत होती. चाक धरत होतं आणि सोडत होतं, धरत होतं आणि सोडत होतं. बाभूळ मागे गेली. मी एकटीच गाडीत मोठ्यानं हसले. कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

नाल्याच्या वळणावर मागचं अंग घसरलं. गाडी आडवी होऊन काठाकडे निघाली. पाय आपोआप ब्रेककडे गेला. नत्थुजींचं ओरडणं आठवलं, “मंधात थांबाचं नाई बाई!” थांबणं मला जमतं, मी तेच करत आले आहे. पाय उचलला, चाकं उताराकडे वळवली, रेटत राहिले. गाडी सरळ झाली. चढ चढून वर आले, तर समोर तुझं अंगण. रंगवलेली शिंगं, झुली, आरतीचं ताट, आणि तुम्ही सगळे बैलांकडे पाठ करून माझ्याकडे पाहत होतात.

उत्तमरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाक आणि पत्रा यांच्यामध्ये हात घातला आणि सरळ होऊन एवढंच म्हणाले, “आता हे माती पाहून घेतले.” मला विद्यापीठाच्या पदवीदानात इतका आनंद झाला नव्हता. जुलैबद्दल ते त्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांना सांग, की मोठ्या मनाचा माणूस ओळखायला मला साखळी बांधून ओढावं लागलं.

तू बैलांचे पाय धुऊन उरलेलं पाणी घेऊन आलीस, माझ्या पुढच्या चाकावर ओतलंस, वर हळद लावलीस. मग बाजेवर जाऊन बसलीस आणि म्हणालीस, “इतके वर्स कावून नाई आली, ताई?” तू आता पुरती तिकडची झाली आहेस. मी उत्तर दिलं, की योग्य टायर मिळाले नव्हते. तू हसलीस. आणि बाजेवर सरकून जागा केलीस. मी बसले.

खरं उत्तर वर लिहिलं आहे. त्याला उत्तर पाठवू नकोस. पाठवायचं असेल तर पाठव.

पुरण कमी गोड करायला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. मी चार पोळ्या खाल्ल्या.

ह्यांना मी कळवलं आहे, की हे टायर उतरणार नाहीत. त्यांनी ते मान्य केलं, कारण चाकावरची तुझी हळद पाहून त्यांनी स्वतःच विचारलं, की पुढच्या वेळी मागे बसायला जागा आहे का.

पाठराखिणीनं चार दिवस राहायचं असतं. माझा एक झाला आहे. उरलेल्या तीन दिवसांसाठी मी डिसेंबरात येते, पांदण खडखडीत वाळल्यावर, म्हणजे रस्त्याचं नाव घ्यायला मला जागा उरणार नाही.

सतरंजी तीच काढून ठेव.

तुझी पाठराखीण,
अनुपमा