पिकअप दोन इंच वर

शनि. ४ ऑक्टो.
विनयला आता पिकअप उचलायचीय. म्हणजे स्प्रिंगांमध्ये काहीतरी घालून अख्खी गाडी दोन इंच वर. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर खालून घासते म्हणे. अठरा वर्षांची जुनी गाडी, हीटर धड चालत नाही, आणि हिला उंची हवी. जूनमध्ये रिटायर झाला तेव्हा "दोन गाड्या कशाला" म्हणत माझी छोटी विकली नि हे धूड दारात आणून उभं केलं. म्हणाला, मागे गादी टाकू, तू नि मी पार स्कॉटलंडच्या टोकापर्यंत. मीही मूर्ख. नवा थर्मॉस आणून ठेवला.

मंगळ. ७
आत्ताच चढताना दाराला लोंबकळावं लागतं. डाव्या गुडघ्यावर सगळा भार. त्यात आणखी दोन इंच. वि.ला विचारलं, मी चढायचं कसं? "सवय होईल."
ह्या माणसाने उभ्या कार्डिफचे गुडघे बदलले. पेशंट अजून ख्रिसमसला कार्ड पाठवतात. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे फोनवर दाखवला तर चष्मा न लावता म्हणाला, "ऑपरेशन अजून ढकलता येईल." आज ड्राइव्हवेवर पाठीवर झोपून मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांकडे अर्धा तास टॉर्च मारत होता. बाहेर येऊन म्हणाला, आता थांबून चालणार नाही. गाडीबद्दल.

शनि. ११
गॅरेथच्या गॅरेजमध्ये. चांगला किट महाग, तो बाद. बजेटमधलं काम असं: पुढची स्प्रिंग पिळून घट्ट करायची, मागे लोखंडी ठोकळे घालायचे. गॅरेथ म्हणाला होईल, पण बसणाऱ्याला खड्डा न् खड्डा कळेल. वि.ला चालेल. हाडांचा डॉक्टर!
बाजूला पायरी बसवली तर मला चढता येईल. वि. म्हणाला पायरी दगडांना अडकते, शिवाय बजेट. मी तिथेच उभी. इतकी वर्षं ह्याचे डबे, ह्याचे ऑन-कॉल, ह्याची आई सगळं सांभाळलं. एक पायरी बजेटमध्ये बसत नाही.

रवि. १२
मुक्ताचा बेसिंगस्टोकहून फोन. लेक कुणाची, बापाची. "आई, इट्स टू इंचेस. बाबाला पहिल्यांदा हॉबी मिळाला आहे, लेट हिम." मी गुडघा म्हटलं तर म्हणाली, बाबाला सांग ना, तो बघेल. मग तिचा "मीटिंग होता". रविवारी.

गुरु. १६
गाडीत बदल केला की इन्शुरन्सवाल्यांना सांगावं लागतं. वि. स्पीकरवर बोलत होता, मी पोळ्या लाटत होते. लिफ्ट केली की हप्ता वाढणार. मग फोनवरच्या मुलीने विचारलं, नेम्ड ड्रायव्हर म्हणून मिसेस आहेत, त्यांना ठेवायचं ना? कमी केलं तर थोडा फरक पडेल.
"टेक हर ऑफ," म्हणाला. फोनवर हात ठेवून मला विचारलंसुद्धा नाही.
नंतर म्हटलं, मग मी काय चालवू? "तू कुठे चालवतेस हल्ली? आणि तुला बसचा पास आहेच की. फुकट." अगदी प्रेमाने सांगितलं हे. त्याला खरंच वाटतं की सोय झाली.
लॅबमधल्या नोकरीत नाइट शिफ्ट संपवून बर्फातून मी माझी गाडी चालवत घरी यायचे, तेव्हा हा घोरत असायचा. करपलेली पोळी त्याला वाढली. त्याने खाल्ली. कळलंही नाही.
काम झाल्या दिवसापासून विम्यातून माझं नाव जाणार, म्हणजे गाडी मला चालवता येणार नाही.

रवि. १९
मंडळाची दिवाळी. पैठणी नेसून पिकअपमधून उतरणे हा प्रकार सगळ्या हॉलने पाहिला. चकल्यांचा डबा हातात, एक पाय हवेत, आणि वि. तोवर पुरुषांना चाकं दाखवायला पुढे गेलेला. शेवटी कुलकर्णीबाईंनी कमरेला धरून उतरवलं.
जेवताना पलीकडच्या टेबलावरून ऐकलं. गाडी झाली की मे महिन्यात स्कॉटलंड. वि., कुलकर्णी, आणि हॉस्पिटलातले दोघं. मागे गादी टाकून. "बायकांना झेपायचं नाही ते," आणि सगळे हसले.
परतताना विचारलं. म्हणाला, अगं, तुझ्या गुडघ्याचाच विचार केला मी.
आता गुडघा आठवला.
राग आलाय, तो आहेच. पण मला जायचं होतं. बासष्टाव्या वर्षी एखाद्या गोष्टीची इतकी वाट पाहत होते हे आज कळलं, आणि गाडीत तोंड खिडकीकडे करून रडले. हीटरच्या आवाजात त्याला…

मंगळ. २१
लक्ष्मीपूजन. वि. शॉवरमध्ये असताना गॅरेथचा माझ्या मोबाइलवर फोन. ठोकळे आलेत, उद्या सकाळी गाडी घेऊ शकतो. पण गॅरेज बंद व्हायच्या आत हो-नाही कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला, मग एकदम जानेवारीत. म्हटलं, विचारून सांगते.
विचारलं नाही.
दुपारी अनारसे तळले. वि. सोफ्यावर फोनवर उचललेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. दोनदा तोंडाशी आलं. दोनदा गिळलं. जानेवारीपर्यंत ढकललं म्हणून तो बदलणार आहे थोडाच? पण जानेवारीपर्यंत विम्यात माझं नाव राहील. तेवढ्यात मी एकटी कुठे गेले तर? स्कॉटलंड नको, निदान समुद्रापर्यंत. चढता तर येतंय अजून.
की सरळ सांगावं, कर काय ते, आणि पास घेऊन बसस्टॉपवर उभं राहावं.
अंधारून आलंय. पणत्या लावायच्यात. वर खोलीत येऊन हे लिहीत बसलेय, फोन मांडीवर, गॅरेज बंद व्हायला अजून थोडा वेळ आहे.
खालून वि. विचारतोय, "अगं, गॅरेथचा काही निरोप?"
दुसऱ्यांदा विचारतोय.