इरावतीला आठच फूट हवेत

मनुरेवा, ऑकलंड
जुलै, रविवार दुपार

थोरले साडू श्री. हरीशराव यांना मनुरेव्याहून गुरुदत्तचा नमस्कार, आणि कल्याणीताईंना वेगळा, स्वतंत्र नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईंची शुगर काय म्हणते? आणि इरावती कशी आहे? (गुडघा आणि शुगर यांची चौकशी मृदुलानं करायला सांगितली. इरावतीची माझी स्वतःची आहे.)

कुटुंबाच्या ग्रुपवर जे झालं त्यानंतर दोघी बहिणींचे फोन बंद आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून मृदुलानं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलंय. "फोन नको, तू तावातावानं बोलतोस. पत्र लिही, आणि त्यात माफी माग," असा हुकूम आहे. तेव्हा हे माफीचं पत्र समजावं. माफी योग्य जागा सापडली की येईलच. आधी वस्तुस्थिती.

तुम्ही शिकागोत आठ फुटांची पूर्ण वाढलेली बोआ चार फुटांच्या काचेच्या टाकीत ठेवली आहे. (आणि कृपा करून ग्रुपवर तिला अजगर म्हणू नका. अजगर अंडी घालतो, बोआ जिवंत पिल्लं देते. नीलांबरीमावशींना फरक पडत नसेल, इरावतीला पडतो.) मी अत्यंत नम्रपणे लिहिलं होतं की साप जेवढा लांब तेवढी पेटी लांब, रुंदी आणि उंची त्याच्या निम्मी, कारण त्याला अंग सरळ ताणता आलं पाहिजे. शिवाय एक टोक ऊबदार आणि एक थंड ठेवायचं तर दोन टोकांमध्ये अंतर लागतं. तुमच्या टाकीत ऊब आणि थंडी एकमेकींच्या मांडीवर बसतात. यावर तुम्ही काय लिहिलंत? "ज्या देशात औषधालाही साप नाही, तिथल्या माणसानं सापाच्या घराची मापं सांगणं म्हणजे ब्रह्मचाऱ्यानं पाळण्याची मापं सांगणं." सगळं घर हसलं. मावशींनी तर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, पण त्यांचं बोट नेहमीच चुकतं.

खरं आहे, न्यूझीलंडमध्ये साप नाही. पाळायला बंदी आहे, प्राणिसंग्रहालयातही नाही. मी आयुष्यात एकाही बोआला हात लावलेला नाही. पण हरीशराव, मी पेनरोजच्या गोदामात इतकी वर्षं सामानासाठी खोकी आखतो. पियानो वाजवता येत नाही म्हणून माझं पियानोचं खोकं कधी आखूड पडलेलं नाही. बोआंबद्दल जे छापलंय ते मी सगळं वाचलंय, कुणी शिकवायला नसताना, जेवणाच्या सुट्टीत. आणि एक विचारतो, रागावू नका. पुण्यात फ्लॅट घेताना "बिल्टअप सांगू नका, कार्पेट सांगा" म्हणून तुम्ही बिल्डरला घाम फोडला होता. तोच माणूस सापाला बिल्टअप एरिया दाखवतो? चार फूट हे टाकीचं बाहेरचं माप. त्यातून काच वजा करा, पाण्याचं भांडं वजा करा, लपायचं खोकं वजा करा. इरावतीच्या पदरात कार्पेट एरिया किती उरतो ते स्वतःच काढा, मी सांगितलं की तुम्हाला उद्धटपणा वाटतो.

तर ग्रुपवर हसं झाल्यावर मी ठरवलं की आता पेटी बांधूनच दाखवायची. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली (इथे सध्या हिवाळा, मृदुला तेव्हापासून रोज सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडते, तो विषय वेगळा) आणि आठ बाय चार बाय चारची पेटी उभी केली. आतून आठ. कार्पेट. उबेसाठी लाल दिवे, चढायला जाड फांदी, सरकती दारं, कुलूप. ओवी बघायला आली आणि म्हणाली, "डॅड, इट्स बिगर दॅन माय रूम." मुलीला मराठी समजतं, पण माप ती इंग्रजीतच घेते.

पण रिकाम्या पेटीवरून काय कळणार? त्यासाठी इरावतीच्या लांबीचं आणि वजनाचं, वेटोळं घालेल असं काहीतरी हवं. दोर वजनाला कमी पडला, बागेचा पाइप वळेना. शेवटी सासूबाईंची नऊवारी आठवली. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, तीन पदरी केली की नऊ, आत तांदूळ भरून पीळ दिला की बरोबर आठ. हिरवट तपकिरी अंग, जरीचे पट्टे. फांदीवर टाकली आणि सांगतो हरीशराव, ती इतक्या सुखानं पसरली की मला गहिवरून आलं.

ते सुख आमच्या शेजारणीनं, सीनानं, गॅरेजच्या खिडकीतून लाल उजेडात पाहिलं. "गुरू, ब्रो, व्हॉट्स इन देअर?" म्हणून तिनं कुंपणावरून विचारलं. दुसरा कुणी म्हणाला असता, काही नाही. मी खरं ते सांगितलं: बोआची पेटी, ॲडल्ट फीमेल, आठ फुटी. दुसऱ्या दिवशी जैवसुरक्षा खात्याची दोन माणसं दारात, हातात लांब चिमटे. मृदुला पोह्यांची कढई तशीच टाकून बाहेर आली. मी त्यांना "किया ओरा" असा इथला नमस्कार करून आत नेलं. त्यातला एक चिमटा पुढे करून नऊवारीजवळ जायला लागला तेव्हा मृदुला ओरडली, "आईची आहे ती! मदर! मदर!" तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, पिल्लंही असणार.

उलगडा झाल्यावर दोघं पोहे खाऊन गेले. जाण्याआधी मी त्यांना पेटीचा सगळा हिशेब समजावला. थोरला म्हणाला की असा साप या देशात सापडला तर त्याला जप्त करावं लागेल, पण पेटीत खोट काढता येणार नाही. सरकारी माणूस आहे, हरीशराव. साडू नाही.

म्हणून माझं ग्रुपवरचं एकही अक्षर मी मागे घेणार नाही. चिमट्यासमोर घेतलं नाही, तुमच्यासमोर का घेऊ? तुम्ही हसा, मावशींना हात जोडू द्या. इरावतीला आठच फूट हवेत, आतून. एवढं लिहून मोठ्यांना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्याला आराम चिंतून थांबतो.

तुमचा,
गुरुदत्त

ता. क. मृदुलानं वाचलं. माफी कुठाय विचारतेय. ताईंची क्षमा मागतो: नऊवारीतून तांदूळ काढलेत, जरीकाठ शाबूत आहे, आणि ताई थोरल्या म्हणून नऊवारी त्यांच्याकडेच पाठवत आहोत.

आणखी एक. मृदुला म्हणते, मुद्द्याचं तू लिहिलंच नाहीस. तर मुद्दा असा की ओवीला शिकागोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे आणि पहिलं वर्षभर तिला तुमच्याकडे ठेवून घ्याल का, ही आम्हा दोघांची हात जोडून विनंती आहे. (हे हात चुकून जोडलेले नाहीत.) तुमच्याकडे जास्तीची खोली एकच आणि तिथे इरावती असते, हे मला माहीत आहे. पोरगी आमची एकुलती आहे. नाही म्हणालात तर राग मानणार नाही, पण हो म्हणा.

शेवटचं. तुमच्या टाकीएवढी जागा सोडून उरलेली ओवीला द्या असं लिही, म्हणजे ते लगेच हो म्हणतील, असं मृदुला सुचवते. ते मी लिहिणार नाही. खोली दहा बाय दहा असेल तर आठ बाय चारची पेटी भिंतीला लावा. तिचं छप्पर माझं वजन पेलतं, मी वर झोपून पाहिलंय, आणि त्यावर सिंगल गादी चारी बाजूंनी जागा ठेवून बसते. खाली इरावती, वर ओवी. शिकागोच्या थंडीत पोरीला खालून ऊबही मिळेल. नकाशा सोबत जोडला आहे. ओवीला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तिचा फोन आला तर तुम्हीही काही बोलू नका.